पहिला व्हॉल्व्ह : पुण्यातल्या हळुवार गळ्यामागचे यंत्र

१/
शुक्रवार, १ एप्रिल १९५५. रामनवमीची सकाळ. पुणे नभोवाणी केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकर, सुधीर फडके आणि केंद्रावरचे सीताकांत लाड ही तीन नावे तेव्हापासून एकत्र घेतली जातात, आणि ते योग्यच आहे. पण फडक्यांचा गळा आणि घराघरांतला रेडिओ यांच्यामध्ये आणखी एक घटक होता. मायक्रोफोनच्या लगेच पुढे बसवलेली काचेची एक नळी. आजचा धागा तिच्याविषयी.

२/
जुना रेडिओ उघडून पाहिलेल्यांना ही नळी आठवत असेल. आत मंद नारिंगी उजेड, बाहेर हात भाजेल एवढी धग. पुस्तकात तिला निर्वात नळी म्हणतात, दुरुस्तीच्या दुकानात व्हॉल्व्ह. तापलेल्या तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन समोरच्या पत्रीकडे धावतात आणि वाटेत एक बारीक जाळी असते. जाळीवर विजेचा किंचित चढउतार झाला की इलेक्ट्रॉनांचा सबंध लोंढा त्याप्रमाणे कमीजास्त होतो. दोन ध्रुवांची नळी फ्लेमिंगने १९०४ मध्ये केली, तिच्यात जाळी घालण्याचे काम अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये केले. दुबळ्या विद्युतसंकेताला बळ देण्याचे साधन माणसाला मिळाले ते या जाळीमुळे.

३/
त्याआधी काय होते? भोंगा. किराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९०५ च्या सुमारास निघाल्या, त्या भोंग्यात गाऊन. त्या पद्धतीत वीज कुठेच नव्हती. गळ्यातून निघालेली हवेची लहर हाच एकमेव जोर; तोच पडद्यामार्फत सुई हलवी आणि सुई मेणात खाच पाडी. अंदाजे २५० ते २,५०० हर्ट्झ एवढाच टापू त्यातून उतरत असे. जे हळू गायले, ते मेणात उतरतच नसे.

४/
पुढे १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवायला घेतले. त्यांचा गळा बारीक, टोकदार आणि आतल्या आवाजात रमणारा. असा गळा भोंग्यासमोर उभा करणे म्हणजे अत्तराचा वास तराजूत जोखण्यासारखे होते. त्यांच्या उतारवयातल्या, १९३० च्या दशकातल्या विद्युत ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्याला वाटते की खाँसाहेब वयाबरोबर अधिक अंतर्मुख झाले. तसे झालेही असेल. पण मधल्या काळात यंत्राचा कानही तयार झाला होता, हे विसरता येत नाही.

५/
विद्युत ध्वनिमुद्रण व्यापारी प्रमाणावर सुरू झाले १९२५ मध्ये. आता सुई हलवण्याचे काम गळ्याकडे उरले नाही. ते वर्धकाकडे गेले. गायकाने फक्त मायक्रोफोनचा पडदा थरथरवायचा. मराठीत याचा पहिला ठळक परिणाम १९३२ च्या आसपास दिसतो, जी. एन. जोशी यांच्या भावगीतांच्या ध्वनिमुद्रिकांत. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत फेकण्याच्या आवाजापेक्षा हा आवाज वेगळा होता. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे, तसा.

६/
येथे थोडे आकडे आवश्यक आहेत. रिबन मायक्रोफोन १९३० च्या दशकाच्या आरंभी आला आणि जगभरच्या नभोवाणी स्टुडिओंत रुळला. त्यात चुंबकाच्या दोन टोकांमध्ये केसाहून पातळ ॲल्युमिनियमची पट्टी लटकत असते. दोनेक फुटांवरून कोणी हळू गायले, तर अशा मायक्रोफोनमधून जेमतेम ०.१ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दहा हजारावा भाग बाहेर पडतो. तो प्रक्षेपकापर्यंत नेण्याजोगा करायचा तर हजारो पटींनी वाढवावा लागतो. वाढवणे अवघड नाही. एकापुढे एक व्हॉल्व्ह जोडत जावे. अडचण अशी की व्हॉल्व्ह स्वतः गप्प बसत नाही.

७/
नळीतला प्रवाह हा पाण्याच्या धारेसारखा सलग नसतो. इलेक्ट्रॉन सुटे सुटे येऊन पत्रीवर आदळतात. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडताना प्रत्येक थेंब ऐकू येत नाही, पण सगळ्यांचा मिळून एक सर्र आवाज होतो, तसेच हे. जर्मनीत वॉल्टर शॉटकीने १९१८ मध्ये याचा हिशोब मांडला. दहा वर्षांनी, १९२८ मध्ये, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन्सनने दाखवून दिले की साध्या तारेतही, केवळ ती थंडगार नाही एवढ्याच कारणाने, अशीच खरखर चालू असते. नायक्विस्टने तिचे गणित दिले. २०० ओहमचा मायक्रोफोन पुण्याच्या साधारण हवेत ठेवला, तर त्याची स्वतःची खरखर येते सुमारे पाव मायक्रोव्होल्ट. तिच्याखाली कोणालाच जाता येत नाही.

८/
आता या धाग्याचा कणा. समजा, संकेत १०० आहे आणि पहिल्या व्हॉल्व्हने त्यात स्वतःची १ एवढी खरखर मिसळली. त्याने दहापट वाढ केली की संकेत १,००० होतो आणि खरखर १०. दुसऱ्या व्हॉल्व्हनेही आपली १ भर घातली, तरी १० च्या शेजारी ती जाणवत नाही. तिसऱ्याचे तर बोलायलाच नको. म्हणजे साखळीत पाच व्हॉल्व्ह असोत की दहा, स्वच्छपणा ठरतो तो पहिल्याच्या खोबणीत. तिथे झालेली घाण पुढे कितीही किमती यंत्र लावले तरी धुऊन निघत नाही, उलट प्रत्येक पायरीवर मोठी होत जाते. हॅराल्ड फ्रीसने १९४४ मध्ये हे सूत्रात बांधले, पण काम करणाऱ्यांच्या हाताला ते आधीच ठाऊक होते.

९/
पुण्यात या प्रश्नाशी पहिली मोठी झुंज झाली ती प्रभातमध्ये. कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी स्थापन झालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. ध्वनीची बाजू होती संस्थापकांपैकी एक, विष्णुपंत दामले यांच्याकडे. मूळचे पडदे रंगवणारे आणि कॅमेरा जाणणारे दामले १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून ध्वनिमुद्रक झाले. पुढे फत्तेलालांसह 'संत तुकाराम'चे दिग्दर्शन केल्यामुळे त्यांची ही ओळख मागे पडली, हा मराठी चित्रपट-इतिहासाने त्यांच्यावर केलेला किंचित अन्यायच.

१०/
प्रभातच्या सुरुवातीच्या वर्षांत पार्श्वगायन नव्हते. नट कॅमेऱ्यासमोर अभिनय करी आणि त्याच क्षणी गातही असे. मायक्रोफोन चौकटीत दिसता कामा नये, म्हणून तो डोक्यावर किंवा आडबाजूला टांगायचा. एका फुटावरचा मायक्रोफोन चार फुटांवर नेला की आवाजाचा दाब चौथाईवर येतो. ती उणीव भरून काढण्यासाठी वर्धक चौपट उघडला की पहिल्या व्हॉल्व्हची खरखरही चौपट. म्हणजे कॅमेऱ्याला हवी असलेली मोकळी चौकट आणि कानाला हवी असलेली शांतता यांचा उभा दावा होता, आणि तो प्रत्येक दृश्यात सोडवावा लागे.

११/
त्या काळच्या कंडेन्सर मायक्रोफोनमध्ये तर पहिला व्हॉल्व्ह मायक्रोफोनच्याच डब्यात बसवत. कारण त्याचा संकेत इतका नाजूक की काही फूट तारेतच जिरून जाई. म्हणजे नटाच्या डोक्यावर नुसता मायक्रोफोन टांगलेला नसे. तापलेली नळी, तिला लागणारी वीज आणि जाडजूड केबल असा संसारच तिथे लोंबकळत असे. त्यात व्हॉल्व्हला आणखी एक खोड. त्याला धक्का लागला की आतली जाळी थरथरते आणि टण्ण असा आवाज निघतो. व्हॉल्व्ह स्वतःच मायक्रोफोन होतो. म्हणून त्याची खोबणी रबरावर किंवा स्प्रिंगवर तरंगती ठेवत.

१२/
एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चित्रपटात पहिल्या व्हॉल्व्हचे सगळे पाप दिसत नसे. आवाज फिल्मवर प्रकाशाने छापला जाई आणि फिल्मच्या कणांची व धुळीची करकर इतकी असे की व्हॉल्व्हची बारीक सर्र तिच्याखाली झाकून जाई. वाद्यमेळ वाजत असेल तर दोन्ही झाकले जाई. म्हणूनच १९३७ चा 'कुंकू' लक्षात घेण्याजोगा आहे. शांतारामांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलेच नाही. घड्याळाची टिकटिक, घरातले आवाज, माणसांचे बोलणे, आणि मध्ये शांतता. शांतता पडद्यावर आणणे ही ध्वनिमुद्रकाची खरी परीक्षा, कारण लपायला जागाच उरत नाही.

१३/
'अमृतमंथन', 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' या तिन्ही चित्रपटांचे संगीत केशवराव भोळे यांचे. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाच्या संगीतापासून ते लांबलचक आलापी छाटून शब्दाला जागा देत आले होते. त्यांच्या चाली मायक्रोफोनला मानवतात, हा योगायोग नव्हे. शांता आपट्यांचे गाणे घ्यावे. त्यात बोलण्याचा सूर न सुटता गाणे सुरू होते. गळ्याची ही सवय आणि पुढ्यातले यंत्र एकमेकांना घडवत होते.

१४/
याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बालगंधर्व. १९३५ च्या प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये त्यांनी एकनाथांची भूमिका केली आणि प्रभातशी त्यांची भागीदारी त्या एका चित्रपटापाशीच थांबली. स्त्रीभूमिकांसाठी प्रसिद्ध असलेला नट पुरुषवेशात, रंगमंचाचा बादशहा तुकड्या-तुकड्यांच्या चित्रणात, अशी कारणे अनेक होती. सगळा दोष मायक्रोफोनच्या माथी मारणे चूक. तरीही एक विचार मनात येतो. त्यांच्या गळ्याची सारी तालीम जिवंत प्रेक्षागृहाच्या प्रतिसादावर झालेली. समोरून 'वन्स मोअर' येण्याऐवजी डोक्यावर लोंबकळणारी एक मुकी पेटी आली, तेव्हा त्या गळ्याने गावे तरी कोणासाठी?

१५/
१९५३ हे वर्ष पुण्याच्या ध्वनी-इतिहासात दोन दारांचे आहे. त्याच वर्षी प्रभात बंद झाली आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पुणे नभोवाणी केंद्र सुरू झाले. सुधीर फडके या दोन्हींना जोडणारा दुवा. १९४६ मध्ये प्रभातच्या 'गोकुळ'ला त्यांनी संगीत दिले होते. म्हणजे गीतरामायणाच्या मायक्रोफोनसमोर उभा राहिलेला माणूस नवखा नव्हता. आवाज कुठे जवळ घ्यायचा, कुठे मान किंचित वळवायची, हे त्याच्या अंगवळणी पडलेले होते.

१६/
रिबन मायक्रोफोनजवळ जाऊन गायले की खर्जाच्या बाजूला भरीवपणा येतो. हा त्याच्या रचनेचाच गुण आहे. शिवाय त्याला पुढून आणि मागून ऐकू येते, दोन्ही कुशींनी जवळजवळ बहिरा. त्यामुळे गायकाला समोर आणि वादकांना कुशीकडे बसवून स्टुडिओत तोल साधता येई. हळू, मऊ, श्वासाचा स्पर्श असलेला पुरुषी आवाज नभोवाणीवर शोभला त्यात या पट्टीचाही वाटा आहे. पण हे सगळे तेव्हाच, जेव्हा पट्टीमागची नळी शांत असेल. फडक्यांच्या गायकीत दोन ओळींमधला श्वास हा चालीचाच भाग असतो. त्या पोकळीत सर्र आवाज भरला तर चालच बिघडली म्हणायची.

१७/
त्या काळच्या स्टुडिओतील साखळी साधारण अशी. मायक्रोफोनची केबल प्रथम एका छोट्या ट्रान्सफॉर्मरकडे जाते. तो लोखंडाहून कितीतरी चुंबकस्नेही अशा मिश्रधातूच्या डबीत झाकलेला, कारण जवळच्या वीजपुरवठ्याचे ५० हर्ट्झचे गुणगुणणे त्याला फार लवकर बाधते. तो संकेताला पंधरा-वीस पटींनी उचलतो, आणि हे उचलणे जवळजवळ फुकटचे असते. ट्रान्सफॉर्मर स्वतः फारशी खरखर घालत नाही. मग पहिला व्हॉल्व्ह, मग दुसरा, मग आवाज कमीजास्त करायचा फेडर. फेडर पहिल्या व्हॉल्व्हच्या आधी ठेवण्याचा मोह कोणालाही व्हावा, पण ते घातक. संकेत मुळातच दुबळा, तो आणखी दाबून मग त्यात खरखर मिसळायची, असा तो उफराटा प्रकार होतो.

१८/
पहिल्या खोबणीसाठी १९५० च्या दशकात ज्याचे नाव झाले तो व्हॉल्व्ह म्हणजे ईएफ-८६. पाच ध्रुवांच्या नळीत प्रवाह दोन वाटांत विभागला जातो आणि त्या वाटणीचीही वेगळी खरखर होते, म्हणून खरे तर तीन ध्रुवांची नळी स्वभावतः शांत. पण ईएफ-८६ खास ध्वनीसाठी घडवलेला. आतली तापणारी तार दुहेरी पीळ देऊन गुंडाळलेली, म्हणजे तिचे चुंबकत्व परस्पर मिटावे. भोवती धातूची जाळी. आतली मांडणी घट्ट, थरथर कमी व्हावी म्हणून. उत्पादकाने दिलेली खरखर सुमारे २ मायक्रोव्होल्ट. ट्रान्सफॉर्मरने उचललेल्या संकेतासमोर, आणि त्याबरोबरच उचलल्या गेलेल्या मायक्रोफोनच्या खरखरीसमोर, ही रक्कम लहान आहे. पहिल्या पायरीचा प्रश्न येथे जवळजवळ सुटला.

१९/
'जवळजवळ' म्हणण्याचे कारण असे की एकाच खोक्यातल्या दहा नळ्या सारख्या नसत. एक शांत, दुसरी कुरकुरणारी, तिसरी बोटाने टिचकी मारली की घंटेसारखी वाजणारी. म्हणून त्या चाळाव्या लागत. सर्वांत शांत असेल ती पहिल्या खोबणीत, बाकीच्या पुढच्या पायऱ्यांवर, जिथे त्यांचे अवगुण चालून जातात. त्यातच पावसाळा. जाळीच्या परिपथात प्रतिकार इतका मोठा असतो की खोबणीवर साचलेली ओल आणि धूळ यांतूनही वीज झिरपते आणि तडतड सुरू होते. हे चाळण्याचे आणि पुसण्याचे काम कोणत्याही श्रेयनामावलीत येत नाही.

२०/
वर्तुळ पुरे होते ते हिराबाई बडोदेकरांपाशी. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही कन्या १९०५ मधली, म्हणजे वडिलांच्या भोंग्यासमोरच्या ध्वनिमुद्रिकांच्याच सुमाराची. स्त्रीने बैठकीत समोर बसून जाहीर मैफल करावी हा पायंडा ज्यांनी रुजवला त्यांत त्या अग्रभागी. त्यांचा आवाज गोल, शांत, कधीही न ओरडणारा. नाट्यगृहाच्या जुन्या मापाने कोणी त्याला 'लहान' म्हणू शकले असते. नभोवाणी आणि विद्युत ध्वनिमुद्रण यांनी ते माप बदलले. आवाज मोठा असणे ही कलावंताची पात्रता न राहता यंत्राची जबाबदारी झाली, आणि त्याचा लाभ ज्या गळ्यांना झाला त्यांत स्त्रियांचे गळे पुष्कळ होते.

२१/
किंमत मोजावी लागली नाही असे नाही. आवाजाची फेक, खुल्या मैदानातली बुलंदी, दम राखून ठेवण्याची कसरत, ही सारी विद्या हळूहळू ऐच्छिक झाली. 'माइकने गळे बिघडवले' ही जुन्या रसिकांची तक्रार अर्धीच खरी. ज्या पुण्यात गजानन वाटवे भावगीत मैफलीतून आणि गणेशोत्सवातून हजारोंपुढे नेत होते, तिथे मायक्रोफोन नसता तर ते गीत भावगीत राहिलेच नसते, ललकारी झाले असते. (चौकातल्या कर्ण्याला व्हॉल्व्हच्या सर्र आवाजाची फिकीर नसे, गर्दीतच तो बुडून जाई; तिथला खरा शत्रू म्हणजे कर्ण्याचा आवाज परत मायक्रोफोनमध्ये शिरून होणारी शिट्टी.)

२२/
१९६१ पासून बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह देशातच बनवायला सुरुवात केली. पण तोवर जगात ट्रान्झिस्टर आलेला होता आणि पुढच्या दीड-दोन दशकांत त्याने स्टुडिओतून नळ्या हटवल्या. त्याला तापावे लागत नाही, तो टिचकीने वाजत नाही, पावसाळ्यात कुरकुरत नाही. प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये उभ्या राहिलेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण शिकणाऱ्यांच्या पिढ्या व्हॉल्व्हकडून ट्रान्झिस्टरकडे आणि तिथून संगणकाकडे गेल्या. मायक्रोफोनच्या २०० ओहमची पाव मायक्रोव्होल्ट खरखर मात्र जॉन्सनने सांगितली तिथेच आहे. आणि आजही कोणी गळ्यासाठी व्हॉल्व्हचा प्री-ॲम्प्लिफायर हौसेने बांधायला घेतला, तर त्याची पहिली संध्याकाळ जाते ती दहा नळ्या एकामागून एक खोबणीत घालून, हेडफोन कानाला लावून, त्यांतली सर्वांत गप्प कोणती हे ऐकत बसण्यात.